स्वतःसाठी उद्दिष्ट लिहिताना आपण एवढं मोघम का लिहितो?



मार्च महिना आला की गोपनीय अहवालासोबत स्वयंमूल्यमापनाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात पुढील वर्षाच्या उद्दिष्टासमोर मी सलग चार वर्षे एकच वाक्य लिहिले : 'अध्यापनात तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर करणे.' कुणी काही विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारलं नाही. तुमच्या फॉर्ममध्ये काय आहे, एकदा काढून बघा.

गंमत अशी की मुलांच्या बाबतीत आपण इतके मोघम नसतो. निपुण भारतमध्ये तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, असं आकड्यात सांगितलं आहे. अध्ययन निष्पत्ती आपल्याला तोंडपाठ आहेत. शिक्षकासाठी मात्र २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे, आणि आपण फक्त तास मोजतो. दीक्षावरचा कोर्स सुरू करायचा, व्हिडिओ चालू ठेवून चहा घ्यायचा, सर्टिफिकेट डाउनलोड करायचं, ग्रुपवर टाकायचं. मीही हेच केलं आहे.

माझे डोळे उघडले ते एका पालकामुळे. आमच्या सोनपेठ तालुक्यातून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात, काही आईबापाबरोबर फडावर जातात आणि थेट मार्च-एप्रिलमध्ये वर्गात दिसतात. फडावरून आलेल्या एका वडिलांनी विचारलं, "सर, पोरीला वाचाया येतंय का आता?" मी म्हणालो, "थोडी मागे आहे." ते म्हणाले, "कशात मागं हाय?" मला सांगता आलं नाही. सोळा सर्टिफिकेटं होती माझ्याकडे!

त्या जूनमध्ये वहीत पहिल्यांदा नेमकं उद्दिष्ट लिहिलं. आधी लिहिलं होतं, 'सर्व मुले वाचू लागतील.' मग लक्षात आलं, हे मुलांचं उद्दिष्ट झालं. यात मी काय शिकणार? ते खोडून लिहिलं : 'मूल वाचताना कुठे आणि का अडतं, हे मला ऐकून ओळखता आलं पाहिजे. रोज दोन मुलांचं एक मिनिट वाचन ऐकून नोंद करीन. ३० सप्टेंबरपर्यंत प्रत्येक मुलाची अडचण एका वाक्यात सांगता येईल.'

पट २४. म्हणजे बारा दिवसांत एक फेरी. वहीत चारच रकाने पाडले : अक्षर ओळख, काना-मात्रा-वेलांटी, जोडाक्षर आणि अंदाजाने पूर्ण केलेला शब्द. पहिल्या फेरीतच कळलं की मी जोडाक्षरांवर तास घालवत होतो आणि निम्मी मुलं ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीवरच अडत होती. वर्षानुवर्षे वर्गात उभा होतो, पण ऐकत होतो ते चांगलं वाचणाऱ्या पाच-सहा मुलांनाच.

आता कुणी म्हणेल, बीएलओचं काम, यू-डायसची माहिती, रोजचे लिंक भरणे, यात वेळ कुठे आहे? तक्रार शंभर टक्के खरी आहे. ऑगस्टमध्ये माझेही नऊ दिवस बुडाले. पण नेमक्या उद्दिष्टाचा फायदा असा की किती बुडालं ते कळतं आणि भरून काढता येतं. 'प्रभावी वापर' बुडाला तर कळणार कसं?

एक गोष्ट मात्र जपून करा. अशी नोंद फक्त वरच्या कार्यालयाला दाखवण्यासाठी होऊ देऊ नका, नाहीतर रकाने भरले जातील आणि ऐकणं थांबेल. माझी वही मी शेजारच्या वर्गाच्या मॅडमना दाखवतो. महिन्यातून एकदा त्या माझ्या वर्गात बसतात, मी त्यांच्या. केंद्राच्या शिक्षण परिषदेतही यावर बोलायला अर्धा तास मिळाला तर मला सर्टिफिकेटपेक्षा तो जास्त मोलाचा वाटेल.

यंदाचं माझं उद्दिष्ट त्या परतणाऱ्या मुलांचं आहे. मूल फडावर निघण्याआधी त्याच्या पिशवीत टाकायला त्याच्याच अडचणीवरची दहा पानं मला तयार करता आली पाहिजेत. तीन मुलांची झाली आहेत, चार बाकी आहेत. टोळ्या निघायच्या आत संपवायची आहेत.