हरणीचा चार्ज

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असे म्हणून आपण मोकळे होतो. हरणी माझ्याकडे आली तेव्हा मीही तेच म्हणत होतो. आज म्हणत नाही.

सध्या पोस्टिंग वाराणसी छावणीत. भोसले घाट आणि पंचगंगा घाट यांच्या मधे रामघाट लागतो. या भागातल्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरे आहेत. चार वाक्ये मराठीत बोलायला मिळावीत म्हणून सुटीच्या दिवशी तिकडे जातो. तिथल्या एका काकांकडे सात वर्षांची कारवानी कुत्री होती. लातूर जिल्ह्यातल्या भाच्याने शेत विकले, तेव्हा ती काकांकडे आली. काकांच्या गुडघ्यांना घाटाच्या पायऱ्या झेपेनात. “साहेब, गुणी आहे. नुसता फिरवायला माणूस हवा,” ते म्हणाले. मी दोरी हातात घेतली.

कारवानी आणि मुधोळ एकाच कुळातले. जमीन हुंगत माग काढणे हे त्यांचे काम नाही. लांबवरची हालचाल डोळ्यांनी टिपायची आणि सुटायचे. दख्खनच्या माळावर सशामागे धावतच ही जात घडली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा ठरली, पण रक्तातली धाव कायद्याने थांबत नाही.

दुसऱ्याच आठवड्यात, पहाटे रामघाटावर गर्दी नाही असे पाहून मी तिला मोकळी सोडली. चूक माझीच. वरच्या पायऱ्यांवर शेळ्या बसल्या होत्या. हरणी थबकली, मान ताणली. तिला माघारी बोलवायला मी शिट्टी वाजवली, आणि ती गोळीसारखी सुटली. एक शेळी घाबरून पायऱ्यांवरून कोसळली. पुढचा पाय मोडला. उपचाराचे पैसे मी दिले, पण त्या घरातल्या लेकरांचे दूध बंद झाले, ते कसे भरून देणार?

घरी सल्ले सुरू झाले. दोन फटके द्या, कायमची बांधून ठेवा, कुणाला तरी देऊन टाका. मी लातूरच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “साहेब, शिट्टी कशाला मारली? शिट्टी म्हंजी ससा उठला. आम्ही शिट्टी मारूनच सोडायचो तिला.”

म्हणजे त्या सकाळी हरणीने हुकूम मोडला नव्हता, चोख पाळला होता.

फौजेत चार्ज घेताना आपण स्टोअरमधली सुई न्‌ सुई मोजून घेतो. जिवंत प्राणी घेताना मात्र ‘गुणी आहे’ एवढ्यावर सही करतो.

शिट्टी मी कायमची बंद केली. सात वर्षे पक्का झालेला अर्थ पुसत बसण्यापेक्षा तिने कधीच न ऐकलेला शब्द निवडला, ‘हाजिर’. आधी खोलीत शब्द उच्चारायचा आणि लगेच उकडलेल्या कलेजीचा तुकडा द्यायचा. मग व्हरांड्यात, मग रिकाम्या मैदानावर दहा मीटर दोरी लावून, आणि शेवटी दूरवर शेळ्या दिसतील अशा जागी. एका वेळी पाच मिनिटे, जास्त नाही. एक गोष्ट ध्यानात आली. मान ताणली गेली की तिचे कान बंद होतात. हाक त्याच्या आधी गेली पाहिजे. या जातीचे डोके निमुळते, त्यामुळे साधा पट्टा सहज निसटतो. म्हणून रुंद पट्टा आणि छातीपट्टा दोन्ही लावले. तीन महिन्यांनी ती शेळ्या बघूनही माझ्या हाकेला वळू लागली.

२०१६ मध्ये मुधोळची पिल्ले मेरठच्या आरव्हीसी केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली. पिल्लू म्हणजे कोरी पाटी. मोठा कुत्रा पाटी भरून येतो, आणि त्यावरचे अक्षर दुसऱ्याचे असते. ते वाचल्याशिवाय पुढे लिहायला घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

निवृत्तीनंतर सोबतीला मोठा कुत्रा घेऊ पाहणाऱ्या माजी सैनिक मित्रांनो, आधीच्या मालकाला विचारा. कोणत्या शब्दावर धावतो, कोणत्या आवाजाला दबतो, कशाच्या मागे लागतो? लिहून घ्या. हे सांगणारा कुणी नसेल, तर पहिला महिना शिकवू नका, नुसते बघा. आणि शिकारी जातीचा असेल तर कुंपणाबाहेर मोकळा सोडायचा हट्ट धरू नका.

शेळी आता चालते, थोडी लंगडते. आम्ही तिच्यावरून जातो तेव्हा हरणी आधी तिच्याकडे बघते, मग माझ्याकडे. दोरी मात्र मी सोडत नाही.