कर्तनपटाची जागा

घरांत नवी वस्तु येते ती एकटी येत नाहीं. जागेची मागणी बरोबर घेऊन येते. जातें, पाटा, शिवणयंत्र, पुस्तकांचें कपाट यांच्या जागा आपल्या वाडवडिलांनीं केव्हांच ठरवून ठेविल्या होत्या; त्यामुळें त्यांविषयीं कोणास विचार करावा लागला नाहीं. परंतु जी वस्तु आपल्या आजीनें पाहिलीही नव्हती, तिची जागा कोणी ठरवावयाची? या महिन्यांत आम्ही अशाच एका वस्तूविषयीं लिहिणार आहों. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु लोहाराकडे सुई व कढई अशीं दोन कामें एकदम आलीं तर तो आधीं सुई करून मोकळा होतो, हा सूचीकटाहन्याय आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. आज आम्हींही सुईचेंच काम आधीं हातीं घेतलें आहे.

ही वस्तु म्हणजे शिवणकामांतील कटिंग मॅट. आम्हीं तिला 'कर्तनपट' असें नांव दिलें आहे. संस्कृतांत 'कर्तन' या शब्दाचे कापणें आणि सूत कांतणें असे दोन्ही अर्थ होतात, तेव्हां शिवणघरास तो शब्द शोभून दिसतो. घरांत मात्र तो कोणी उच्चारीत नाहीं. या लेखापुरता वाचकांनीं तो चालवून घ्यावा.

आपल्याकडे गोधडी शिवावयाची तर कापड कात्रीनें कापीत, किंवा एक चीर देऊन हातानेंच फाडीत. जमिनीवर जुनें लुगडें अंथरावें, त्यावर तुकडे मांडावे आणि धावदोरा घालीत जावें, अशी ती पद्धति. तींत कापण्यासाठीं निराळ्या आसनाची गरजच नव्हती. पुढें १९७९ सालीं जपानांतील ओसाका येथील ओल्फा कंपनीनें वाटोळ्या पात्याची फिरती सुरी, म्हणजे रोटरी कटर, बाजारांत आणली. पातें बोथट झालें कीं त्याचें टोंक मोडून टाकावयाचें, अशी सुरी ही त्याच कारखान्याची पूर्वीची कृति. कंपनीचें नांवही 'मोडणें' व 'पातें' या अर्थांच्या जपानी शब्दांपासून बनलें आहे. फिरती सुरी पट्टीच्या कडेनें चालविली कीं कापडाच्या चार-सहा घड्या एकदम आणि सरळ कापल्या जातात. परंतु इतकें तीक्ष्ण पातें उघड्या टेबलावर फिरविलें तर टेबलही चिरलें जातें आणि पात्याची धारही जाते. म्हणून खालीं कर्तनपट हवा.

हा पट बहुधा पीव्हीसी नांवाच्या कृत्रिम द्रव्याचा, थरांचा केलेला असतो. जाडी दीड ते तीन मिलिमीटर. वर इंचांच्या किंवा सेंटिमीटरांच्या चौकटी आणि ४५ व ६० अंशांच्या तिरप्या रेघा छापलेल्या असतात. 'कापला तरी आपोआप भरून येतो' अशी याची ख्याति आहे. यांत जादू कांहीं नाहीं. पातळ पातें आंत शिरतें तेव्हां द्रव्य खरवडून बाहेर न काढतां केवळ बाजूस सारतें. पातें पुढें गेलें कीं द्रव्याच्या लवचिकपणामुळें चीर पुन्हां मिटते. हा लवचिकपणा यावा म्हणून पीव्हीसींत मार्दव आणणारें द्रव्य मिसळलेलें असतें. आणि येथेंच मेख आहे. कडक पीव्हीसीसुद्धां सुमारें ८० अंश सेंटिग्रेडला मऊ पडूं लागतो. मार्दव आणलेला त्याहून पुष्कळच कमी उष्णतेला वांकतो. थोडक्यांत, ज्या गुणानें पट सुरीची जखम भरून काढतो, त्याच गुणानें तो उन्हांत आपला आकार सोडतो. मग जसा ठेवावा तसाच तो होऊन बसतो.

हें ज्ञान आम्हांस आधीं असतें तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

आमच्या सूनबाईस गोधड्या शिवण्याचा नाद आहे. नाद म्हटलें खरें. परंतु वर्षाकांठीं चार-पांच गोधड्या ती मोबदला घेऊन शिवून देते, तेव्हां त्यास व्यवसाय म्हणणेंच न्याय्य होईल. तिचा कर्तनपट २४ इंच रुंद व ३६ इंच लांब, म्हणजे ६१ बाय ९१ सेंटिमीटर. गेल्या चैत्रांत आमच्याकडे चैत्रगौरीचें हळदीकुंकू होतें. बायकांना बसावयास जागा हवी म्हणून शिवणाची खोली मोकळी करावयाची होती. सूनबाई स्वयंपाकघरांत आंबेडाळीच्या तयारींत गुंतली होती. आम्हीं मदतीच्या सद्‌हेतूनें खोली आवरावयास घेतली.

पस्तीस वर्षें आम्हीं शाळेंत भिंतीवरचे नकाशे गुंडाळून ठेविले. मोठें, पातळ आणि रेघारेघांचें जें कांहीं असेल तें तास संपतांच गुंडाळावें, हें आमच्या हाडींमासीं खिळलेलें आहे. त्या संवयीनें आम्हीं तो कर्तनपट घट्ट गुंडाळला, नाडीनें बांधला आणि पश्चिमेकडील गॅलरींत कोपऱ्यांत उभा केला. काम नीटनेटकें झालें म्हणून आम्ही स्वतःवर प्रसन्नही झालों. हळदीकुंकू झालें, पाहुण्या गेल्या, आणि चैत्राच्या उन्हांत ती गुंडाळी तीन दिवस तशीच राहिली.

चौथ्या दिवशीं सूनबाईनें नाडी सोडली तेव्हां पट उलगडेना. दाबून पसरला तर मध्यें पन्हळीसारखा फुगे, आणि कडा दाबल्या तर दुसरीकडे उचले. ती क्षणभर पाहत राहिली व म्हणाली, "असूं दे, बाबा. मी करतें कांहींतरी." आम्ही निश्चिंत झालों.

दोन दिवसांनीं रात्रीं पाणी पिण्यास उठलों तों शिवणाच्या खोलींत दिवा जळत होता. सूनबाई शिवलेली एक ओळ उसवीत बसली होती. आंगठ्यास पट्टी बांधलेली होती. एका बारशासाठीं बाळाची गोधडी तिनें कबूल केली होती आणि बारसें सहा दिवसांवर आलें होतें. विचारलें तेव्हां म्हणाली, "पट्टी स्थिर राहत नाहीं, बाबा. डुलते. तुकडे सगळे थोडे थोडे कमी-जास्त आले आहेत."

हा थोडेपणा किती महाग पडतो हें गणितानें पाहावें. ठिगळकामांत दोन तुकडे जोडतांना पाव इंच शिवण धरण्याचा प्रघात आहे. एका ओळींत १६ तुकडे असले आणि प्रत्येक तुकडा एक षोडशांश इंचानें चुकला, तर ओळीच्या शेवटीं पूर्ण १ इंच चूक जमते. शेजारची ओळ दुसरीकडे चुकलेली असली तर कोपऱ्यास कोपरा मिळण्याची आशाच नको. आंगठ्याचें कारणही तेंच. पट्टीखालीं उंचवटा आला कीं ती निसटते, आणि पट्टी निसटली कीं पातें बोटाकडे वळतें.

आम्हीं विचारलें, "मग त्याच दिवशीं कां नाहीं सांगितलेंस?"

ती म्हणाली, "तुम्ही मदत म्हणून केलें होतंत ना."

या उत्तरानंतर आम्हांस त्या रात्रीं झोंप आली नाहीं. आमच्या टेबलावरचा एक कागदही कोणी न विचारतां हलवीत नाहीं. तो हलविला तर आम्ही काय बोलतों हें सर्वांस ठाऊक आहे. तिची वस्तु मात्र आम्हीं विचारल्याशिवाय उचलली, बिघडविली, आणि तिनें आमचा सद्‌हेतु सांभाळण्यासाठीं आंगठा कापून घेतला. यांत चूक गुंडाळण्याची होती, त्याहून अधिक न विचारण्याची होती.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं पट फुगीर बाजू वर करून सपाट फरशीवर घातला, वर लांकडी फळी ठेविली आणि फळीवर आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश व ज्ञानकोशाचे खंड रचले. आठ दिवसांनीं कडा बसल्या, परंतु मधली एक लाट कांहीं केल्या गेली नाहीं. शेवटीं सूनबाईनें पोलादी पट्टी लावून लाटेचा भाग कापून काढला. उरलेला सपाट तुकडा यंत्राशेजारीं लहान कामास चालतो. नवा पट आम्हीं निवृत्तिवेतनांतून आणून दिला. त्यास त्याग न म्हणतां दंड म्हणावें. गोधडी बारशाच्या आदल्या दिवशीं पोंचली.

या अनुभवानंतर सूनबाईस विचारून आणि स्वतः करून पाहून जें ध्यानांत आलें, तें वाचकभगिनींच्या उपयोगासाठीं येथें देतों. वाचकबंधूंनींही वाचावें, गुंडाळणारे बहुधा तेच असतात.

(१) टेबलावर अंथरलेला ठेवणें. ही सर्वांत उत्तम सोय. मात्र टेबल पटाहून लहान नसावें. बाहेर लोंबणारी कड आपल्याच भारानें हळूहळू खालीं वळते. टेबल खिडकीच्या उन्हांत नसावें. आणि त्या टेबलावर इस्तरी कधींही करूं नये. सुती कापडाची इस्तरी २०० अंशांच्या आसपास तापते, तीपुढें पटाचा टिकाव लागत नाहीं. गरम चहाचा पेलासुद्धां वर्तुळ उठवून जातो.

(२) पलंगाखालीं आडवा ठेवणें. ज्यांस खोली थोडी त्यांस ही सोय बरी. पटाच्या मापाची प्लायवुडची फळी घ्यावी, तिच्या एका कडेस ओढण्यासाठीं कापडी पट्टा ठोकावा आणि पट तिच्यावर ठेवून फळीसकट आंत सारावा. नुसत्या फरशीवर ठेवूं नये. धुळींतील खर पटास चिकटते आणि पात्याची धार खाते. वर जुनी चादर घालावी, परंतु बॅग किंवा डबा ठेवूं नये. त्याचा कोपरा रुततो. पट रोज लागत नसेल तर गादी व फळी यांच्यामध्यें ठेवला तरी सपाट राहतो. रोज लागत असेल तर गादी उचलण्याच्या कंटाळ्यानें कामच मागें पडतें.

(३) भिंतीवर टांगणें. पटास कोपऱ्यांत भोंक असतें. त्या एकाच भोंकावर मोठा पट टांगला तर तो तिरपा लोंबतो व पिळतो. त्यापेक्षां पटाच्या लांबीची लांकडी पट्टी भिंतीस बसवावी, तिला तीन आंकडे लावावे आणि मोठ्या चिमट्यांनीं पटाची लांब कड तीन ठिकाणीं सारख्या अंतरावर धरावी. लांब कड वर घेतली म्हणजे भार विभागला जातो. चिमट्याचा वण उठूं नये म्हणून मध्यें कापडाची घडी घालावी. भिंत घराच्या आंतली असावी. पश्चिमेची भिंत दुपारीं तापते, आणि पावसाळ्यांत ओल धरणाऱ्या भिंतीवर चिमटे गंजून पटास डाग पडतात.

(४) कपाट व भिंत यांच्यामधील फटींत उभा ठेवणें. चालेल, परंतु तो अगदीं उभा राहिला पाहिजे. तिरपा टेकविला कीं महिन्या-दोन महिन्यांत त्यास पोट सुटतें. म्हणून दोन्ही बाजूंस फळी असलेला, दोन बोटें रुंद असा खण करून घ्यावा.

गुंडाळणें ही पांचवी पद्धति नव्हे. दुमडावयाचे म्हणून मुद्दाम सांध्याचे केलेले पट मिळतात, त्यांची गोष्ट निराळी. दुकानांतही गुंडाळून ठेविलेला मोठा पट घेऊं नये. सपाट ठेविलेलाच मागावा. धुवावयाचा तर कोमट पाणी, थोडा सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढें पुरे. फिरत्या सुरीचें पातें प्रत्येक वेळीं झांकावें, आणि जुनीं पातीं कचऱ्यांत मोकळीं न टाकतां पत्र्याच्या डबींत बंद करून टाकावीं; कचरा उचलणाऱ्या माणसासही बोटें आहेत.

आमच्या घरीं तिसरी पद्धति स्वीकारली. प्रश्न फक्त भिंतीचा होता. तीन फूट रुंद, आंतली, कोरडी, उन्हापासून दूर अशी घरांत एकच भिंत होती. आणि तिच्यावर आमचा भारताचा जुना नकाशा निवृत्तीच्या दिवसापासून लटकत होता. त्याकडे पाहून आम्हांस शाळा आठवे; दुसऱ्या कोणास त्याचा उपयोग नव्हता. सूनबाईनें ती भिंत कधीं मागितली नाहीं, आणि मागितली नसती. एका सकाळीं आम्हींच तिला विचारलें, "येथें चालेल का?" ती भिंतीकडे न पाहतां आमच्याकडे पाहूं लागली. मग माप घेण्यास टेप आणावयास गेली.

ज्या वस्तूला घरांत ठरलेली जागा नसते, ती जिला लागते तिच्या कामालाही या घरांत जागा नाहीं, असें आपण तोंडानें न बोलतां सांगत असतों. देवांना देवघर आहे, पुस्तकांना कपाट आहे, पाहुण्यांना दिवाणखाना आहे. घरांतील स्त्री जें काम मन लावून करते, त्याचीं साधनें मात्र 'तात्पुरतीं' कोठें तरी सारलेलीं असतात, आणि तें तात्पुरतेपण वर्षानुवर्षें चालतें. वाचकांनीं या महिन्यांत आपल्या घरांत अशी एक वस्तु शोधावी, तिच्या मालकिणीस आधीं विचारावें आणि मग खिळा ठोकावा.

नकाशा आम्हीं गुंडाळून कपाटावर ठेविला आहे. तो गुंडाळण्यासाठींच असतो.