अश्वत्थाम्यामागे पौर्णिमेचा चंद्र आला कुठून? अस्तंब्याची एआय चित्रं आणि हरवलेली खोली

काळाकभिन्न डोंगर, दाट धुकं, कपाळावर भळभळणारी जखम आणि डोक्यामागे ताटाएवढा पूर्ण चंद्र. अश्वत्थाम्याचं असं एखादं चित्र तुमच्याही फोनवर येऊन गेलं असेल. २०२४ मध्ये ‘कल्की २८९८ एडी’ या चित्रपटात अमिताभ बच्चन यांनी अश्वत्थामा साकारला. मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीमुळे घिबली शैलीच्या चित्रांची लाट आली आणि त्याच वर्षी गुगलच्या ‘नॅनो बनाना’नं साडीतले फोटो बनवण्याचं वेड लावलं. आता एका ओळीची सूचना दिली की पौराणिक चित्र तयार होतं.

पण हेच चित्र नंदुरबारच्या अस्तंब्याचं म्हणून पुढे पाठवलं जातं, तेव्हा त्यातला चंद्र खटकायला हवा.

यात्रा कधी असते?

सातपुड्यातला अस्तंबा डोंगर धडगाव म्हणजेच अक्राणी तालुक्यात आहे. उंची सुमारे १,३२५ मीटर. शापित अश्वत्थामा इथे राहतो, जखमेवर लावायला तेल मागत फिरतो, अशी श्रद्धा आहे. यात्रा भरते दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमारास. महाराष्ट्र आणि गुजरातमधून आलेले भाविक रात्रीच्या अंधारात डोंगर चढतात.

धनत्रयोदशी येते आश्विन वद्य पक्षात, अमावास्येच्या तोंडावर. या दिवसांत चंद्र उगवतो तोच मुळी पहाटे, आणि तोही कोरीएवढा. म्हणजे यात्रेतल्या माणसाला माथ्यावर पूर्ण चंद्र दिसणं शक्यच नाही.

मग तो चित्रात येतो कसा? ही साधनं इंटरनेटवरच्या असंख्य चित्रांवरून शिकलेली आहेत. ‘रात्र’, ‘गूढ’, ‘योद्धा’ या शब्दांसोबत जगभरच्या चित्रकारांनी चंद्र रंगवला आहे, म्हणून तो न मागता मिळतो. त्यात सोयही आहे. मागे चंद्र ठेवला की खांद्यांना, केसांना आपोआप उजळ कड येते आणि आकृती पार्श्वभूमीपासून सुटी होते. घाईत असलेले हाडामांसाचे चित्रकारही हेच करतात, त्यामुळे सगळा दोष यंत्राला देऊन चालणार नाही.

चंद्र काढला तर खोली कशी आणायची?

दिवसा हे काम हवा करते. दूरच्या डोंगरापर्यंतच्या हवेत प्रकाश विखुरतो, म्हणून पुढची डोंगररांग गडद, तिच्यामागची फिकट आणि सगळ्यात मागची जवळजवळ आभाळाच्या रंगाची दिसते. तोरणमाळला सकाळी उभं राहिलं की सातपुड्याच्या रांगा अशाच एकामागे एक विरत जातात. डिजिटल चित्रकार प्रत्येक रांग वेगळ्या लेयरवर काढतो आणि धुकं त्या दोन लेयरच्या मधे सोडतो. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे धुक्याचा पांढरा थर सगळ्या चित्रावर वरून फासणं. त्यानं दरी खोल होत नाही, काचेवर वाफ धरल्यासारखं दिसतं. क्रितासारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही हे सहज तपासता येतं. चित्र काही क्षण कृष्णधवल करून पाहायचं. रंग गेल्यावर पुढचं आणि मागचं एकाच करड्या छटेत मिसळत असेल, तर खोली नव्हतीच, फक्त रंग होते.

अंधाऱ्या रात्री मात्र ही युक्ती चालत नाही. दूरचा डोंगर फिकट होत नाही, काळोखात बुडून जातो. अशा वेळी अंतर सांगतात ते दिवे. पायथ्याजवळच्या विजेऱ्या आणि मशाली मोठ्या, एकमेकींपासून लांब. वर जावं तशा त्या लहान होत जातात, जवळ येतात, वळणावळणानं चढतात. शेवटी डोंगराच्या कडेपाशी यातली विजेरी कोणती आणि चांदणी कोणती, हे कळेनासं होतं. कडा न रंगवताही डोंगराची उंची कळते.

जखम लाल की काळी?

चित्राचा भाव बहुतेकदा रंगाची पट्टी फिरवून आणला जातो. थोडा निळा, थोडा जांभळा, झालं गूढ. डोळा मात्र वेगळ्या पद्धतीनं पाहतो. अंधूक उजेडात लाल रंग सगळ्यात आधी मावळतो. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी हे एकोणिसाव्या शतकातच नोंदवलं होतं. म्हणजे चांदण्यांच्या उजेडात अश्वत्थाम्याची जखम लाल दिसणारच नाही, काळी दिसेल. ती लाल होईल ती कुणी मशाल जवळ नेली तरच. मशालीचा उजेडही दुप्पट अंतरावर चौथाई उरतो, त्यामुळे कपाळ उजळलं तरी पाय अंधारातच राहतील. एआय चित्रात डोक्यापासून पायापर्यंत सगळं सारखंच उजळलेलं असतं, आणि भीती तिथेच संपते.

कल्पनाचित्रात एवढी तिथी कशाला पाहायची, असा प्रश्न रास्त आहे. रघुवीर मुळगावकरांच्या कॅलेंडरांवरचे, दिवाळी अंकांवरचे देव काही प्रत्यक्षात पाहून रंगवलेले नव्हते. तिथला मऊ, गुळगुळीत उजेड मुद्दाम निवडलेला होता. चित्रकाराला अस्तंब्यावर चंद्र हवाच असेल, तर त्यानं तो जरूर काढावा. पण तिथे कोर असते हे ठाऊक असून काढलेला चंद्र वेगळा, आणि न मागता आलेला वेगळा.

फरक कुणाला पडतो?

१८ ऑक्टोबर २०२५ रोजी अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांच्या गाडीला चांदसैली घाटात भीषण अपघात झाला आणि अनेकांचा जीव गेला. हा डोंगर, हा घाट लोकांच्या येण्याजाण्याचा आहे. फोनवर मात्र तो कुठल्याही परदेशी व्हिडिओ गेममधल्या कड्यासारखा दिसतो, ओळख पटेल असं त्यावर काही उरत नाही. नंदुरबारचं नाव पहिल्यांदाच ऐकणाऱ्याच्या डोक्यात तेच चित्र बसतं.

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीचंही तेच होऊ शकतं. इथे नाचणाऱ्यांच्या डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू, अंगावर पांढरे ठिपके असतात. ‘आदिवासी नृत्य, अग्नी’ एवढीच सूचना दिली तर कुठल्या खंडातली पिसं डोक्यावर येतील याचा नेम नाही. प्रकाशही चुकेल. मध्यरात्र आणि नारिंगी ज्वाळा, हा ठरलेला साचा आहे. काठीला रात्रभर नाच चालतो आणि होळी पेटते पहाटे. म्हणजे ज्वाळेचा पिवळा उजेड आणि उजाडू लागलेल्या आभाळाचा थंड निळा, असे दोन प्रकाश एकाच चेहऱ्यावर दोन बाजूंनी पडतात. आणि फाल्गुनी पौर्णिमा असल्यानं आभाळ मोकळं असेल तर पूर्ण चंद्र इथे खरोखरच असतो, फक्त नाचणाऱ्यांच्या डोक्यामागे मोठा होऊन नाही, तर पश्चिमेला, फिका पडून मावळतीला लागलेला.