वाचलेला वेळ कोणाच्या वाट्याला?

संगणकामुळे वेळ वाचतो, हे आता कोणी नाकारत नाही. तो वाचलेला वेळ पुढे कोठे जातो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. अंतर्गत सजावटीच्या आमच्या लहानशा व्यवसायाच्या आधारे त्याविषयी आमचे मत मांडावे, म्हणून स्मरणिकेतील ही जागा आम्ही मागून घेतली. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण आज स्वतःचे लहान व्यवसाय चालवीत आहेत. पालकवर्गात सुतारकाम, रंगकाम, वायरिंग करणारेही थोडे नाहीत. काम देणारा आणि काम करणारा असे दोघेही ही पाने वाचणार आहेत.

कल्याण ते बदलापूर या पट्ट्यातील नव्या इमारतींत आमची बहुतेक कामे चालतात. घर कर्जाचे, सजावटीला उरलेला पैसा मोजका. अशा घरातील माणूस चार वेळा निवड बदलतो, आणि तो त्याचा हक्कच आहे. परंतु प्रत्येक बदलागणिक कोटेशन नव्याने मांडावे लागते. सात फूट उंच व सहा फूट रुंद कपाट म्हणजे दर्शनी ४२ चौरस फूट. त्याचे लॅमिनेट बदलले की कडेच्या पट्ट्या, बिजागऱ्या, ड्रॉवरची चॅनेल, मजुरी असे सारेच हलते. पूर्वी यात अर्धा दिवस जाई. आता मापे तक्त्यात भरली की पाऊण तासात कागद तयार होतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जाहिराती रोज कानी पडतात. आमचा सर्वाधिक वेळ ज्याने वाचवला तो संगणकावरील हिशेबाचा तक्ता मात्र १९७९ साली व्हिजिकॅल्क या नावाने बाजारात आलेल्या कल्पनेचाच वारस आहे. महागडी प्रणाली विकत घेण्यापूर्वी नव्या व्यावसायिकांनी एवढे लक्षात घ्यावे.

प्लायवूड कापण्याचा आराखडाही आता संगणक काढून देतो. आठ फूट बाय चार फुटांच्या शीटवर कोणता तुकडा कोठे बसवला म्हणजे कमीत कमी वाया जाईल, हे गणित त्याला क्षणात जमते. करवतीचे पाते दर कापाला साधारण ३ मिलिमीटर लाकूड खाते. आठ काप म्हणजे २४ मिलिमीटर, जवळजवळ एक इंच. तोही तो हिशेबात धरतो. परंतु व्हिनियरच्या रेषा उभ्याच हव्यात, असे आधी बजावले नसेल, तर शीट वाचविण्यासाठी तो एखादे दार खुशाल आडवे कापायला सांगतो. आमच्या मिस्त्रींना ही गोष्ट कधी सांगावी लागली नव्हती; यंत्राला ती सांगण्यासाठी आधी मिस्त्रींकडूनच समजून घ्यावी लागली. स्वयंचलनाचे खरे काम येथे आहे. वर्षानुवर्षे हातात आणि डोक्यात राहिलेले नियम कागदावर उतरविल्याखेरीज यंत्राला देण्यासारखे आपल्याजवळ काही नसते, आणि ते नियम बहुधा मालकाचे नसतात, कारागिराचे असतात. त्याच्याच ज्ञानावर उभ्या राहिलेल्या तक्त्याने त्याचेच मोल कमी करावे, हे आम्हांस मान्य नाही.

काही कामे यंत्राकडे सोपवूच नयेत, असेही आमचे ठाम मत आहे. भिंत गुण्यात आहे की नाही, हे नकाशा सांगत नाही; ओळंबा लावूनच पाहावे लागते. ओट्याची उंची तयार नमुन्यात एक ठरलेली असते, पण त्या ओट्यापाशी उभी राहणारी बाई पाच फुटांहून ठेंगणी असेल तर तो ठरलेला आकडा तिच्या खांद्यांना आयुष्यभर छळतो. ग्राहकांकडून माहिती घेण्याचे जे तयार अर्ज मिळतात, त्यांत देवघर कोठे हवे, हा प्रश्न हमखास असतो. आपल्या समाजातील घरांत भगवान बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमांसाठी व पुस्तकांसाठी जागा हवी असते. त्या अर्जात तिच्यासाठी रकाना नसतो. रकाना वाढवता येतो, आम्ही वाढवलाही. पण कोणता रकाना नाही, हे घरी जाऊन बसल्यावाचून कळत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कोटेशन लवकर होऊ लागल्यावर पहिला विचार सुचतो तो असा, की टंकलेखन करणारी सहायक आता कशाला हवी? लहान धंद्यात एका पगाराची बचत ही लहान गोष्ट नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही यंत्राने ज्याचे काम घेतले, वाचलेल्या वेळेवर पहिला हक्क त्याचाच, असे आम्ही मानतो. आमच्याकडची सहायक आता आठवड्यातील दोन दिवस साइटवर मापे घेते आणि उरलेल्या वेळात आराखडे काढायला शिकते.

दुसरी गोष्ट मजुरीची. बहुतेक ठिकाणी स्वयंचलनाचा आरंभ वसुलीपासून होतो: ग्राहकाला हप्त्याची आठवण करून देणारे संदेश आपोआप जाऊ लागतात. सुताराचा हिशेब मात्र डायरीच्या मागच्या पानावरच राहतो, आणि शनिवारी खर्चीसाठी तो अर्धा दिवस वाट पाहत बसतो. त्याचा तो अर्धा दिवस वेळेच्या कोणत्याच हिशेबात धरला जात नाही. आमच्या मते क्रम उलटा हवा. रोज झालेले काम फोनवर नोंदवले जाते, शुक्रवारी संध्याकाळी तक्ता बेरीज करतो, शनिवारी दुपारच्या आत पैसे खात्यावर जातात. ग्राहकाचा हप्ता रखडला तरी हे थांबू नये, म्हणून प्रत्येक आगाऊ रकमेतून मजुरीचा वाटा वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. त्यामुळे हाती खेळता पैसा कमी राहतो, हे खरे. काही मिस्त्रींना अजून रोखच हवे असते, तेही असो. एक ज्येष्ठ मिस्त्री स्वतःची वही ठेवतात. वही आणि तक्ता जुळले नाहीत तर काम पुन्हा मोजले जाते, आणि मोजेपर्यंत वहीचा आकडा धरला जातो.

बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस व गांधी यांच्या अस्पृश्यविषयक कार्याची चिकित्सा करणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात यंत्राची बाजू निःसंदिग्धपणे घेतली आहे. माणसाला सुसंस्कृत जीवनासाठी फुरसत लागते, आणि कष्टकऱ्याला ती यंत्रावाचून मिळणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. यंत्रामुळे जे अनिष्ट घडते त्याचा दोष त्यांनी यंत्राला दिला नाही, तर वैयक्तिक लाभाला पवित्र मानणाऱ्या समाजरचनेला दिला. पुढच्याच वर्षी, ते मजूरमंत्री असताना झालेल्या कायद्याने कारखान्यांतील आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. साइटवरच्या चार सुतारांपर्यंत तो नियम पोचत नाही. तेथे यंत्राने मिळवलेली फुरसत कोणाला मिळावी, हे काम देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहते, आणि हीच गोष्ट आम्हांस अस्वस्थ करते.

विद्यालयाच्या व्यवस्थापनास एक सूचना कराविशी वाटते. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहाच्या कोठारातील धान्याचा हिशेब संगणकावरील तक्त्यात मांडावा, आणि त्यासाठी लागणारे नियम स्वयंपाकघरातील मावशींना विचारून लिहून काढावेत. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना आमचा तक्ता हवा असेल, त्यांना तो विनामूल्य मिळेल. दर आपापले भरावे. त्यातील पहिले पान मजुरीचे आहे, ग्राहकाचे त्यानंतर येते.