‘लक्ष असू द्या’ म्हणजे नेमके काय?

पुण्याला, हैदराबादला किंवा थेट अमेरिकेला गेलेली नागपूरची मुले सुटी संपवून निघताना शेजारी हमखास सांगून जातात, ‘काकू, आईकडे जरा लक्ष असू द्या.’ काकू मान डोलावतात. लक्ष ठेवायचे म्हणजे काय करायचे, हे मात्र ना सांगणाऱ्याला ठाऊक असते, ना ऐकणाऱ्याला. मला हे वाक्य स्वतःची सुटका करून घेणारे वाटते.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. बचाव पथकांना बोटी घेऊन लोकांना बाहेर काढावे लागले. पण बोट पोहोचेपर्यंत वृद्ध माणसाला वरच्या मजल्यावर नेणारा हात शेजारचाच असावा लागतो. दूरचा मुलगा फार तर फोन फिरवू शकतो.

माझी आई प्रतापनगरात एकटी राहते. शेजाऱ्यांशी मी मोघम बोललो नाही. सकाळी आठपर्यंत दारातले दूध उचललेले दिसले नाही, तर बेल वाजवायची. दार उघडले नाही, तर किल्ली समोरच्या घरी आहे. औषधांची यादी आणि डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर चिकटवला आहे. कूलरमध्ये पाणी भरण्यासाठी मात्र पगारी माणूस ठेवला. (नागपूरचा मे महिना ज्याने काढला आहे, त्याला या कामाची थोरवी सांगायला नको.) रोजची कष्टाची कामे शेजाऱ्यांच्या गळ्यात घातली, तर शेजारधर्म एक उन्हाळाही टिकत नाही.

हे सारे आईच्या समोर ठरले. ‘माझ्यावर पहारा बसवतोस का रे?’ असे तिने विचारलेच. मग तिने स्वतःच्या अटी घातल्या: दुपारी दोन ते चार कोणी यायचे नाही, आणि समोरच्या मुलीला गणित ती शिकवणार. तिच्या या दुसऱ्या अटीमुळेच ही व्यवस्था टिकून आहे, असे मी मानतो.

आईवडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीचा कायदा २००७ साली झाला. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नोंद पोलीस ठाण्यात ठेवावी आणि त्यांची नियमित विचारपूस व्हावी, अशी अपेक्षा त्याच्या नियमांत आहे. १४५६७ ही हेल्पलाइनही आहे. नाव जरूर नोंदवावे. पण रात्री दोनला बाथरूममध्ये पाय घसरला, तर किल्ली ठाण्यात असून भागत नाही. बंगले पाडून जिथे फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या, तिथे तर शेजारच्या दारावरची पाटीही अनेकांनी वाचलेली नसते. दिवाळीला घरी येणाऱ्यांनी त्या दारी चहाला तासभर बसावे आणि किल्लीची एक प्रत सोबत न्यावी.