ड्रोन जाळणारा लेझर उद्या कुणाकडे वळेल?

जयंतीच्या आदल्या रात्री, म्हणजे 13 एप्रिल 2025 ला, मी आमच्या वस्तीतल्या मंडळाच्या मुलांसोबत विहाराजवळ बसले होते. पताका बांधून झाल्या होत्या, बाराच्या अभिवादनाला अजून अवकाश होता आणि जो तो मोबाईलमध्ये होता. त्याच दिवशी आंध्र प्रदेशातल्या कर्नूलमध्ये डीआरडीओने लेझर शस्त्राची चाचणी घेतल्याची बातमी आली होती आणि तिचा व्हिडिओ ग्रुपवर फिरत होता. उडता ड्रोन, मग एक ठिणगी, मग पेटत खाली येणारे धूड. गोळी नाही, स्फोटाचा आवाज नाही. "ताई, आता आपण टॉपला," एक जण म्हणाला. दुसऱ्याने विचारले, "आणि हे माणसावर मारलं तर?" सगळे हसले. त्या प्रश्नाने मात्र माझा पिच्छा सोडलेला नाही.

आधी चाचणीचे खरे काय ते पाहू, कारण या विषयावर अफवा भरपूर. 'काली-5000' नावाच्या गुप्त यंत्राने भारताने सियाचीनमध्ये हिमकडा कोसळवला, असला मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. तसले काही नाही. कर्नूलला जे वापरले ते हैदराबादच्या 'चेस' या डीआरडीओच्या केंद्राने विकसित केलेले, वाहनावर बसवलेले 30 किलोवॅटचे लेझर शस्त्र होते. त्याने स्थिर पंखांचे मानवरहित विमान आणि ड्रोनचा थवा निकामी केला, टेहळणीचे सेन्सरही बंद पाडले. अमेरिका, रशिया, चीन यांच्या पंक्तीत आपण बसलो, असे सांगितले गेले. पुढे 23 ऑगस्ट 2025 ला ओडिशाच्या किनाऱ्यावर दोन प्रकारच्या क्षेपणास्त्रांच्या जोडीने हेच तंत्र हवाई संरक्षणाच्या एका एकत्रित यंत्रणेत तपासले गेले. म्हणजे प्रयोगशाळेतला टप्पा मागे पडला आहे.

30 किलोवॅट म्हणजे किती? घरातला गिझर साधारण दोन किलोवॅटचा असतो. असे पंधरा गिझर एकाच छोट्या ठिपक्यावर ओतले, तेही काही किलोमीटर अंतरावरून, असे समजा. प्रकाश तीन किलोमीटर अंतर सेकंदाच्या लाखाव्या भागात कापतो, त्यामुळे नेम धरला की चुकवायला वेळच नाही. पण तो ठिपका काही सेकंद एकाच जागी धरून ठेवावा लागतो. धूळ, धुके, पाऊस आला की किरण विखुरतो. डोंगराआड काही दिसत नाही, त्यामुळे तिथे तो कुचकामी. आपल्याकडच्या पावसाळ्यात चार महिने याची काय अवस्था होईल, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

गरज खोटी आहे असे मी म्हणत नाही. चाचणीनंतर महिनाही उलटला नव्हता, तेव्हा 8 मेच्या रात्री पाकिस्तानने 36 ठिकाणी सुमारे 300 ते 400 ड्रोन पाठवल्याचे आपल्या सरकारनेच सांगितले. काही हजारांच्या ड्रोनवर लाखो रुपयांचे क्षेपणास्त्र खर्च करणे कोणत्याच देशाला परवडणारे नाही. म्हणूनच सगळे धावत आहेत. ब्रिटनने 'ड्रॅगनफायर'ची जानेवारी 2024 मध्ये आकाशातल्या लक्ष्यावर चाचणी घेतली आणि एका वेळच्या माऱ्याचा खर्च दहा पौंडांच्या आसपास सांगितला. इस्रायलने लेबनॉनकडून आलेले ड्रोन लेझरने प्रत्यक्ष युद्धात पाडले आणि डिसेंबर 2025 मध्ये 100 किलोवॅट वर्गातला 'आयर्न बीम' सैन्याच्या हवाली केला. आपल्या डीआरडीओचे म्हणणे असे की काही सेकंदांच्या माऱ्याला दोनेक लिटर पेट्रोलएवढा खर्च येतो.

हे 'दोन लिटर पेट्रोल' मला खटकते. रिक्षाचे भाडे सांगताना रिक्षाची किंमत कुणी सांगत नाही, तसे हे आहे. संशोधन, आरसे, शीतकरण, वीजनिर्मितीचा संच, वाहन, रडार, प्रशिक्षित माणसे हे सगळे त्या दोन लिटरच्या बाहेर. अमेरिकेने बोइंग 747 विमानाच्या नाकाडात प्रचंड लेझर बसवला होता. सोळा वर्षे आणि पाच अब्ज डॉलरहून अधिक खर्चून तो प्रकल्प बंद केला, कारण उपयोगी पडायचे तर लेझर वीस-तीस पट शक्तिशाली हवा, असे त्यांच्याच संरक्षणमंत्र्यांनी मान्य केले. 'प्रति मारा स्वस्त' हा आकडा तेव्हाही होताच.

संरक्षणाचा हिशेब मागणे म्हणजे देशद्रोह, असे मानणाऱ्यांना एक आठवण. 1951 मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडताना बाबासाहेबांनी आपल्या निवेदनात हाच हिशेब मांडला होता: वर्षाच्या साधारण 350 कोटी महसुलातले सुमारे 180 कोटी सैन्यावर जातात. ते सैन्याच्या विरोधात नव्हते. महार रेजिमेंटसाठी झगडलेला माणूस कसा असेल? परराष्ट्र धोरणाने मित्र गमावले म्हणून हा भार वाढला, असा त्यांचा मुद्दा होता. शिष्यवृत्ती विरुद्ध लेझर असा सोपा सामना मी लावणार नाही, सरकारी तिजोरीचे गणित तसे चालत नाही. पण 2025-26 च्या अंदाजपत्रकात डीआरडीओला 26,816 कोटींहून अधिक रक्कम आहे, आणि ती कशी खर्च होते हे विचारणे नागरिकाचे काम आहे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येते. माणसावर मारले तर?

आमच्याच मंडळात याचे छोटे उत्तर आहे. दोन वर्षांपूर्वी मिरवणुकीत डीजेच्या गाडीवरच्या लेझर दिव्यासमोर एक मुलगा मोबाईलने चित्रीकरण करत होता. आधी मोबाईलच्या कॅमेऱ्यावर कायमची रेघ उमटली. दुसऱ्या दिवशी त्याला डाव्या डोळ्याने मधोमध काळा डाग दिसू लागला. डॉक्टरांनी सांगितले, पडदा भाजला आहे. वाचताना आजही तो मान तिरकी करतो. 2023 च्या गणेशोत्सवानंतर राज्यात अशा तक्रारी आल्या आणि 2024 मध्ये पुणे पोलिसांनी मिरवणुकीतल्या लेझरवर बंदी घातली. (आपल्या जयंतीच्या मिरवणुकीतही हा दिवा असतो. दुसऱ्यांना सांगण्याआधी आपण तो काढावा.)

डोळ्याचे भिंग भिंगासारखेच काम करते, आत आलेला किरण पडद्यावर एकवटते. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो आणि तेवढ्यात नुकसान होऊन जाते. त्यातही मिरवणुकीचा लेझर निदान दिसतो तरी. युद्धातले फायबर लेझर बहुतेक अवरक्त असतात, म्हणजे डोळ्याला दिसतच नाहीत. न दिसणाऱ्या प्रकाशाला पापणी मिटत नाही. हातातला साधा पॉइंटर पाच मिलिवॅटचा धरला, तर 30 किलोवॅट त्याच्या साठ लाख पट होतात. ड्रोनच्या चकचकीत भागावरून परावर्तित झालेला थोडासा किरणही धोक्याचा ठरू शकतो. शहरावर आलेले ड्रोन शहरावरच जाळायचे असतील, तर खाली आणि आजूबाजूला माणसे असणारच.

जगाला हे आधी सुचले होते. माणसांना कायमचे आंधळे करण्यासाठी बनवलेल्या लेझर शस्त्रांवर ऑक्टोबर 1995 मध्ये व्हिएन्नात बंदीचा करार झाला आणि 1998 मध्ये तो लागू झाला. भारतही त्यात आहे. रणांगणात सर्रास वापर होण्याआधीच शस्त्रावर बंदी येणे ही इतिहासातली दुर्मीळ गोष्ट. पण करार नीट वाचला तर त्याची रुंदी कळते. बंदी आहे ती 'आंधळे करण्यासाठीच खास बनवलेल्या' शस्त्रावर. ड्रोनवर किंवा दुर्बिणीवर मारलेल्या लेझरने कुणी आंधळा झाला, तर तो आनुषंगिक परिणाम म्हणून कराराच्या बाहेर. आणि मुख्य म्हणजे हा करार युद्धाचा आहे. मोर्चा, धरणे, दगडफेक, संचारबंदी हे त्यात येत नाही.

युद्धात चालत नाही ते घरात चालते, ही पळवाट नवी नाही. अश्रुधुराचे उदाहरण घ्या. 1993 च्या रासायनिक शस्त्रबंदी करारानुसार शत्रूच्या सैनिकावर अश्रुधूर सोडता येत नाही, मात्र स्वतःच्या देशात कायदा-सुव्यवस्थेसाठी त्याला मोकळीक आहे. आपल्यापैकी अनेकांनी तो खाल्ला आहे. काश्मीरमध्ये 2010 पासून पेलेट गन आल्या त्या 'जीवघेण्या नाहीत' म्हणून. 2016 मध्ये शेकडो तरुणांचे डोळे त्यात जायबंदी झाले. ड्रोनही सीमेवरून आपल्याकडे वळला: फेब्रुवारी 2024 मध्ये शंभू सीमेवर हरियाणा पोलिसांनी शेतकऱ्यांवर ड्रोनमधून अश्रुधुराच्या नळकांड्या टाकल्या आणि शेतकऱ्यांनी पतंग उडवून ड्रोन अडवायचा प्रयत्न केला.

मग लेझर आणि त्याच्या भावंडांचे काय? अमेरिकेच्या सैन्याकडे 95 गिगाहर्ट्झच्या लहरींनी कातडीचा अगदी वरचा थर तापवून जमाव पळवणारे यंत्र आहे. 2010 मध्ये ते अफगाणिस्तानात नेले आणि न वापरता परत आणले, कारण नावच फार खराब झाले असते. पण जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर, जून 2020 मध्ये व्हाइट हाऊससमोर लोक जमले, त्या दिवशी हे यंत्र मिळेल का अशी विचारणा ईमेलवरून झाली होती, असे नॅशनल गार्डच्या एका मेजरने अमेरिकी संसदेला लेखी कळवले. परक्या देशात जे वापरायला संकोच वाटला, ते राजधानीतल्या आपल्याच काळ्या-गोऱ्या नागरिकांसाठी कुणाला तरी आठवले. ते आले नाही, ही गोष्ट वेगळी.

आपल्याकडे डीआरडीओच्या दिल्लीतल्या लॅसटेक प्रयोगशाळेने हातात धरायचे लेझर डॅझलर, म्हणजे डोळे दिपवणारे यंत्र, बनवले आहे. दहशतवादविरोधी कामाबरोबर जमावाचे नियंत्रण हाही त्याचा उपयोग सांगितला गेला. दिपवणे तात्पुरते असते, असे म्हणतात. किती अंतरावरून, किती वेळ, कुणाच्या डोळ्यात, यावर ते तात्पुरते राहते की नाही हे ठरते. लाठी कमरेखाली मारावी हा नियम कागदावर आहे आणि डोकी फुटतात हे आपण पाहतो. तोच हात, तोच ताण, तेच 'वरून आदेश'. आणि पहिल्या रांगेत कोण असते हेही आपल्याला माहीत आहे.

उलट बाजूने पाहा. हाँगकाँगमध्ये ऑगस्ट 2019 मध्ये एका विद्यार्थ्याला बाजारात मिळणारे लेझर पॉइंटर विकत घेतल्याबद्दल अटक झाली. पोलिसांनी त्यांना 'लेझर गन' म्हटले आणि वर्तमानपत्राच्या कागदावर किरण रोखून धूर काढून दाखवला. विद्यार्थ्याच्या खिशात असले की ते शस्त्र. शासनाच्या हातात असले की ते 'कमी घातक साधन'.

म्हणून माझी सूचना सीमेवरच्या लेझरबद्दल नाही, आपल्या जिल्ह्याबद्दल आहे. डीआरडीओ माहिती अधिकाराच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे उल्लंघन सोडले तर तिथून माहिती मिळत नाही. पण जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात अर्ज करता येतो. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा आणि जन माहिती अधिकाऱ्याला विचारा: जमाव नियंत्रणासाठी लेझर डॅझलर, मोठ्या आवाजाची यंत्रे, अश्रुधूर टाकणारे ड्रोन यांपैकी काय खरेदी केले, केव्हा, किती रुपयांना, वापराची लेखी नियमावली आहे का, असल्यास तिची प्रत द्या, वापरणाऱ्यांना प्रशिक्षण कुणी दिले, आणि जखमींची नोंद कोणत्या वहीत ठेवली जाते. आमच्या गटाने गेल्या आठवड्यात असा एक अर्ज टाकला आहे. तीस दिवसांची मुदत आहे. उत्तर आले की इथेच कळवीन.