टायर कोणाच्या जिवावर?

मित्रांनो, 'टायर' हा शब्द वाचून पान उलटू नका! प्रेमकविता पुढच्या पानावर आहेतच, त्या कुठे पळून जात नाहीत. मेकॅनिकलची मुलगी, तीही कॉन्व्हेंटची, आणि मराठी विभागात पिकअपच्या टायरवर लिहितेय म्हणून ज्यांना हसायचंय त्यांनी आधी हसून घ्यावं. आकडे मात्र मी आकड्यांतच लिहिणार. एकोणसाठ की एकोणसत्तर, हा घोळ शाळेपासून सुटलेला नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. आपल्याकडे मालाच्या गाडीचे टायर जो विकत घेतो तो त्या गाडीत बसत नाही, आणि जो बसतो त्याला कोणी विचारत नाही. म्हणून टायर किमतीवर ठरतात. ते ठरायला हवेत वजनावर.

माझ्या मामांचा नारायणगावला एक पिकअप आहे. टोमॅटोच्या सीझनला तो आळेफाटा, माळशेज घाट, मुरबाड, कल्याण करत वाशी मार्केटला जातो. चालवतात ते मामा नव्हे, ड्रायव्हरदादा. मागचे दोन टायर पार गुळगुळीत झाले तेव्हा मी सुट्टीला तिथेच होते. "तू इंजिनिअर होणार ना, चल दुकानात," म्हणून मामांनी मला नेलं. दादांना नाही नेलं. ते गाडी धूत होते.

दुकानदाराने तीन पर्याय ठेवले. सर्वात स्वस्त रिमोल्ड, मग कारचा टायर, आणि सर्वात महाग एलटी, म्हणजे लाइट ट्रकचा टायर. गंमत अशी, की कारच्या आणि एलटीच्या टायरवर साइज एकच होती, २१५/७५ आर १५. म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, बांधणी रेडियल आणि रिम १५ इंची. मामा म्हणाले, "अगं साइज तीच, रिमवर बसतोय, मग जास्त पैसे कशाला?"

उत्तर साइजच्या पुढच्याच आकड्यात होतं. त्याला लोड इंडेक्स म्हणतात. कारच्या टायरवर १०० होता, म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त ८०० किलो. एलटीच्या ८ प्लायवाल्यावर १०६, म्हणजे ९५० किलो. (८ प्लाय म्हणजे आत मोजून ८ थर असतात असं नाही बरं का! सुती धाग्याच्या काळातला तो हिशेब आहे, आता फक्त ताकदीची पायरी म्हणून उरलाय.)

आता दुकानदाराच्याच बिलबुकामागे मी जे गणित केलं ते बघा. रिकाम्या गाडीचं मागच्या चाकांवर येणारं वजन ७०० किलो धरू. मालाचं साधारण ८५ टक्के वजन मागेच पडतं, कारण हौदा मागच्या अॅक्सलवरच असतो. पासिंग १,३०० किलोचं, म्हणजे २० किलोचे ६५ क्रेट (रिकाम्या क्रेटचं वजन सोडून द्या). ७०० अधिक १,१०५, भागिले २. एका टायरवर सुमारे ९०० किलो! म्हणजे कायद्यात राहून माल भरला तरी कारचा टायर नापास. एटीकेटीसुद्धा नाही.

आणि भरतात किती? बाजार तेजीत असला की १०० क्रेट. मग एका टायरवर १,२०० किलो येतं. इथे एलटीही हरतो.

मामा हुशार. लगेच म्हणाले, "मग याहून जाड टायर टाकू, १,२५० किलोवाला." असा टायर मिळतोही, लोड इंडेक्स ११६. पण टायर जाड घेतला म्हणून ब्रेक मोठे होत नाहीत, पाटे जाड होत नाहीत आणि आरसी बुकातला आकडाही बदलत नाही. माळशेज उतरताना गाडी थांबवायचं काम ब्रेकचं आहे. हे मी जरा जोरात बोलले. दुकानदाराने चहा मागवला.

टायर मरतो तो बहुतेक उष्णतेने. चाक फिरताना प्रत्येक फेरीत टायरची बाजू दबते आणि सुटते. वजन जास्त किंवा हवा कमी असली की जास्त दबते, आणि ती ऊर्जा रबरात उष्णता होऊन साठते. (थर्ड सेमला हिस्टेरिसिसचा ग्राफ आपण सगळ्यांनी पाठ करून काढला होता, आठवतोय?) शेवटी रबर आणि तारांचे थर सुटतात आणि टायर फुटतो. म्हणून लोड इंडेक्सचं वचन ठरलेली हवा भरली तरच खरं. टॉमी आपटून आवाजावरून हवा ओळखणारे कलाकार पुष्कळ आहेत, पण गेज स्वस्त असतो. हवा तपासायची ती गाडी निघण्याआधी, टायर थंड असताना. तापलेल्या टायरात प्रेशर जास्त दिसलं म्हणून हवा सोडणं हा तर शुद्ध वेडेपणा.

रिमोल्डला मी सरसकट शिव्या देणार नाही. एसटी आपले टायर रिमोल्ड करून वापरते, विमानांचे टायरसुद्धा पुन्हा पुन्हा रिट्रेड होतात. पण तिथे जुन्या टायरचा इतिहास माहीत असतो, तपासणी होते. दुकानातल्या त्या रिमोल्डखालचा टायर कुणाचा, किती वर्षांचा, आत गेटर टाकलाय का, हे दुकानदारालाही सांगता आलं नाही. अशा अनोळखी टायरवर घाट उतरायला मी तरी कुणाला सांगणार नाही.

बाकी बघायचं फार नाही. आयएसआय मार्क, आणि व्यापारी वाहनाच्या टायरवर त्याच्यासोबत आयएस १५६३६ हा नंबर. कारच्या टायरवर १५६३३ असतो. मग बाजूवरचे चार आकडे: २४१९ म्हणजे २०१९ सालचा २४वा आठवडा. एका अॅक्सलवर दोन्ही टायर सारखेच हवेत. नक्षीच्या खाचांत छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की १.६ मिलिमीटर उरलं, कायद्याने टायर संपला. पावसाळ्यात त्याच्या बराच आधी बदलावा, कारण पाणी बाहेर काढायला खाच खोल लागते.

मामांनी शेवटी एलटीचे दोन घेतले. क्रेटचं काय ते अजून ठरलेलं नाही. मी ६५ म्हणते, मामा "बाजारभाव बघून" म्हणतात. दादांना मी वेगळं विचारलं तेव्हा ते आधी नुसते हसले. मग म्हणाले, "ताई, ऐंशीच्या वर गेलं की वळणावर गाडी मागून ओढते. पण मी कसं बोलणार?"

मग त्यांनीच मला गाडीखाली वाकून स्टेपनी दाखवली. नक्षी कोरी करकरीत, बाजूला बोटभर भेगा आणि आकडे १११५, म्हणजे २०१५ सालची. मामांना दाखवली तर म्हणाले, "नवीच तर आहे, कधी वापरलीच नाही!" ती पुढच्या सीझनला बदलायची असं ठरलंय. तोवर माळशेजमध्ये पंक्चर झालं, तर दादा तीच लावणार.